स्प्रिंग किती पाउंडाची टाकू?

हा प्रश्न मला सारखा कुणी ना कुणी विचारतं, "दादा, ड्रॅगचं इंजिन बांधतोय, व्हॉल्व्ह स्प्रिंग किती प्रेशरची घेऊ?" (ड्रॅग म्हणजे छोट्या सरळ पट्ट्यावरची शर्यत, आणि ही स्प्रिंग म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह परत बंद करणारी.) आणि दर वेळी मी उलट त्यालाच विचारत बसतो की कॅम कुठला, रोलर का फ्लॅट, लिफ्ट किती, रॉकर रेशो किती, व्हॉल्व्हचं वजन किती, गिअर किती आरपीएमला टाकणारेस, टर्बो आहे का, आणि मग समोरचा गप्प होतो कारण त्याला एक आकडा हवा असतो. मलाही तेव्हा एक आकडाच हवा होता. तो कुणाच्या तरी इंजिनवरून उचलला आणि त्यापायी जवळजवळ अख्खा सीझन गेला, म्हणून आज सगळं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

माझं इंजिन साधं पुशरॉडचं व्ही-८, म्हणजे फिरणाऱ्या कॅमचा उंचवटा (लोब) लिफ्टरला ढकलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या दांडीला, ती रॉकर नावाच्या तरफेला आणि रॉकर व्हॉल्व्हला. सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, सॉलिड रोलर कॅम (लिफ्टरच्या टोकाला चाक, आत तेलाची गादी नाही), टर्बो वगैरे काही नाही. गाडी सुटायची छान, पहिला दुसरा गिअर मस्त, पण वरच्या गिअरला ७४०० च्या आसपास इंजिन एकदम बोजड व्हायचं, आवाज फाटायचा, रेव्ह लिमिटरला (ठरल्यापेक्षा जास्त आरपीएम होऊ न देणारा) टेकल्यावर येतो तसा तुटक तुटक, आणि लिमिटर तर मी ८२०० ला लावलेला. खालच्या गिअरमध्ये इंजिन त्या पट्ट्यातून झटकन निघून जातं म्हणून तिथे कळत नव्हतं, वर मात्र तिथेच रेंगाळतं. मी आधी इग्निशनच्या मागे लागलो, प्लग बदलले, कॉइल बदलली, वायरी बदलल्या, मग फ्युएल प्रेशर बघितलं, पंप बदलला. काही फरक नाही. मग एकाने सांगितलं की स्प्रिंग मऊ पडतायत, ३० पाउंड वाढव. मी सगळ्या १६ स्प्रिंगांखाली ६० थाऊची शिम (पातळ चकती) टाकली, म्हणजे इंचाचे साठ हजारावे भाग, आणि माझ्या स्प्रिंगचा रेट, म्हणजे एक इंच दाबायला लागणारा जोर, ५०० पाउंड होता म्हणून हिशोबाने बरोब्बर ३० पाउंड वाढले. ७४०० चं जेमतेम ७५०० झालं, आणि त्यानंतर पाच-सहा रनमध्येच एका सिलिंडरचं टॅपेट क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम ठेवलेली फट) वाढलेलं सापडलं, लिफ्टर काढून बघतो तर रोलरमध्ये हाताला लागेल इतकं प्ले.

प्रेशर वाढवलं म्हणून लिफ्टर गेला असंच मला तेव्हा वाटलं. बहुतेक सगळ्यांना तसंच वाटतं. पण खरं कारण उलटं होतं, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट डोक्यात स्पष्ट हवी की "स्प्रिंगचं प्रेशर" असा एक आकडा नसतोच, दोन असतात. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग जेवढ्या जोराने त्याला सीटवर दाबते ते सीट प्रेशर, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना जेवढं असतं ते ओपन प्रेशर. या दोघांची कामं वेगळी आहेत आणि चुकल्यावर होणारे आजारही वेगळे.

कॅमचा लोब लिफ्टरला वर ढकलतो तेव्हा पहिल्या टप्प्यात स्प्रिंगचं काही काम नसतं, कॅमच सगळं ओझं वर फेकत असतो. लोबच्या नाकापाशी पोचेपर्यंत मात्र व्हॉल्व्हचा वेग कमी कमी होत थांबायला हवा आणि मग उलट दिशेने परत यायला हवा, आणि हे काम कॅम करूच शकत नाही, कॅमला फक्त ढकलता येतं, ओढता येत नाही. तिथे ओढणारी एकटी स्प्रिंग. तिचं प्रेशर त्या आरपीएमला कमी पडलं की लिफ्टर लोब सोडून हवेत जातो, व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा जास्त उघडतो, आणि मग खाली येऊन लोबच्या उतारावर आदळतो. याला लॉफ्ट म्हणा, फ्लोट म्हणा. नाकावरचा ताबा ओपन प्रेशरचा.

सीट प्रेशरचं काम व्हॉल्व्ह बंद होताना. व्हॉल्व्ह वेगात येऊन सीटवर टेकतो आणि चेंडूसारखा उसळी मारतो, एकदा, दोनदा, जास्त वाईट असेल तर आणखी. इनटेक व्हॉल्व्ह असा उसळत राहिला की नुकतीच भरलेली हवा कॉम्प्रेशन सुरू होताना परत बाहेर निसटते, आणि आवाज फाटतो तो यामुळे. शिवाय व्हॉल्व्ह उसळतो म्हणजे पलीकडे रॉकर, पुशरॉड, लिफ्टर सगळे एकमेकांपासून सुटतात आणि परत एकमेकांवर आपटतात. रोलर लिफ्टरच्या आत सुईसारखे बारीक रोलर असतात, त्यांना सतत दाब चालतो, हातोडी चालत नाही. माझा लिफ्टर त्या हातोडीने गेला होता. वाढवलेल्या ३० पाउंडांनी नव्हे, त्याआधी कित्येक रन कमी प्रेशरवर आपटत राहिल्याने. मी तर आता असंच म्हणेन की सॉलिड रोलरमध्ये जास्त प्रेशरने जेवढे लिफ्टर मरतात त्यापेक्षा जास्त कमी प्रेशरने मरतात, फक्त दोष जास्तीवर जातो कारण तो आकडा डोळ्यांना दिसतो.

आता आरपीएमचं गणित, कारण सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच आहे. लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ७००० वरून ८००० म्हणजे वेग १४ टक्के वाढला पण जोर ३० टक्क्यांच्या वर जास्त लागणार, आणि ७००० वरून ९००० ला गेलात तर ६५ टक्के जास्त. म्हणून "अजून फक्त पाचशे आरपीएम हवेत रे" हे वाक्य ऐकलं की मला स्प्रिंगची दया येते. दुसरी बाजू वजनाची. तेच वजन अर्धं केलं तर जोरही अर्धाच लागतो, आणि वजन कुठे आहे याला फार महत्त्व आहे. रॉकरच्या व्हॉल्व्हकडच्या बाजूला जे आहे, म्हणजे व्हॉल्व्ह, रिटेनर (स्प्रिंगच्या डोक्यावरची टोपी), लॉक (ती टोपी व्हॉल्व्हच्या दांडीला धरणारे तुकडे) आणि स्प्रिंगचाही साधारण एक तृतीयांश भाग, ते सगळं पूर्ण वेगाने हलतं. लिफ्टर-पुशरॉडच्या बाजूला हालचाल कमी असते, आणि १.६ चा रॉकर असेल, म्हणजे व्हॉल्व्ह लिफ्टरच्या १.६ पट हलत असेल, तर तिकडचा ग्रॅम १.६ च्या वर्गाने भागून मोजायचा, म्हणजे २.५६ ने. थोडक्यात व्हॉल्व्हकडचा एक ग्रॅम पुशरॉडकडच्या अडीच ग्रॅमना भारी पडतो. यातून दोन निर्णय आपोआप निघतात, रिटेनर हलका करा आणि पुशरॉड जाड करायला अजिबात घाबरू नका.

पुशरॉडवर थोडं थांबतो कारण मला इथेच सगळ्यात मोठा धडा मिळाला. बारीक पुशरॉड लोडखाली वाकतो, डोळ्यांना दिसणार नाही पण वाकतो, आणि वाकताना त्यात ऊर्जा साठते, मग नाकाजवळ लोड कमी झाला की तो सरळ होतो आणि व्हॉल्व्हला बांबूने उडी मारणाऱ्या खेळाडूसारखं वर उडवतो. अशा वेळी स्प्रिंग वाढवली की पुशरॉड अजून वाकतो. म्हणजे औषधच आजार वाढवतं. मी नंतर प्रयोग म्हणून स्प्रिंगला हात न लावता आधी फक्त पुशरॉड बदलले, ५/१६ इंची काढून ३/८ इंची जाड भिंतीचे टाकले, हेडमधल्या भोकात कुठे घासत नाहीत ना हे बघून आणि लांबी परत मोजून, आणि ७५०० चं सरळ ७६५० झालं. ३० पाउंडांनी जे दिलं त्यापेक्षा जास्त त्या पुशरॉडनी दिलं, आणि वजन तर त्यांचं आधीच्यापेक्षा जास्त होतं.

बरं, हिशोब कसा करायचा. माझाच घेऊ. लोब लिफ्ट ०.४३० इंच, रॉकर १.६, गुणाकार ०.६८८. सॉलिड कॅम असल्याने टॅपेट क्लिअरन्स १८ थाऊ, ते वजा केलं की व्हॉल्व्ह खरा उघडतो ०.६७० इंच. स्प्रिंग कागदावर १.९५० इंच उंचीला २३० पाउंड, रेट ५००. मग ओपन प्रेशर म्हणजे २३० अधिक ०.६७० गुणिले ५००, म्हणजे ५६५. उघडलेल्या वेळची उंची १.२८०, स्प्रिंगची कॉइल एकमेकांना टेकतात १.२०० ला, म्हणजे कॉइल बाइंडला ८० थाऊ जागा. कागदावर सगळं एकदम व्यवस्थित आणि मी इतकंच बघून थांबलो होतो.

हेडचं काम करणारे एक काका आहेत, बोलतात कमी. त्यांना मी फोनवर हे सगळे आकडे धडाधडा सांगितले आणि ते म्हणाले, "अरे, स्प्रिंग डब्यावर काय म्हणते ते नको सांगूस, हेडमध्ये बसल्यावर उंची किती आहे ते सांग, सोळाच्या सोळा." मला सोळा काय एकही माहीत नव्हती. मग हाइट मायक्रोमीटर घेतला, प्रत्येक व्हॉल्व्हला त्याचाच रिटेनर आणि त्याचेच लॉक लावून मोजत बसलो, आणि सगळ्यात कमी निघाली १.९४८, सगळ्यात जास्त २.००४. कारण साधं होतं, हेडच्या सीट आधी कधीतरी परत कापलेल्या होत्या, सीट कापली की व्हॉल्व्ह आत बसतो, दांडी मागच्या बाजूने तेवढी वर येते आणि स्प्रिंगची उंची वाढते. ५६ थाऊचा फरक गुणिले ५०० म्हणजे एकाच इंजिनात दोन व्हॉल्व्हच्या सीट प्रेशरमध्ये २८ पाउंडांचा फरक! आणि स्प्रिंगा वापरलेल्या, टेस्टरवर १.९५० ला २३० ऐवजी २१४ दाखवत होत्या. सगळ्यात वाईट व्हॉल्व्हवर मी शिमच्या आधी १८७ पाउंडांवर पळत होतो आणि मनात मात्र २३० धरून बसलेलो.

आणि दुसरी बाजू ऐका, जी आठवली की आजही पोटात गोळा येतो. मी सगळ्यांना सरसकट ६० थाऊची शिम टाकली होती ना, तर ज्या व्हॉल्व्हची उंची मुळात १.९४८ होती तिथे कॉइल बाइंडला उरले होते फक्त १८ थाऊ. वर लॉफ्ट होत असताना. स्प्रिंग तिथे पूर्ण घट्ट झाली असती तर रॉकर, पुशरॉड, रॉकर ज्यावर बसतो तो स्टड, जे सगळ्यात कमजोर ते तुटलं असतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर पडला असता. तेव्हा शिम सरसकट कधीच नाही, प्रत्येक व्हॉल्व्हला मोजून. माझ्याकडे आता वेगवेगळ्या जाडीच्या शिम वेगवेगळ्या डब्यांत असतात आणि सोळाच्या सोळा उंची ५ थाऊच्या आत आणल्याशिवाय मी पुढे जात नाही. त्याच वेळी रिटेनरची खालची कड आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही पूर्ण लिफ्टला निदान ५० थाऊ आहेत ना हे बघून घ्या, मोठ्या लिफ्टचा कॅम टाकल्यावर हे हमखास विसरलं जातं.

कॉइल बाइंडला किती जागा ठेवायची यावर मतं वेगवेगळी. जुना साधा नियम ६० थाऊ. रेसवाले बरेच जण ५० च्या आसपास, काही त्याहूनही कमी ठेवतात, आणि यामागे कंजुषी नाही, विचार आहे. स्प्रिंग म्हणजे स्वतः एक वजनदार तार, तिची स्वतःची थरथरण्याची लय असते, आणि कॅमचे धक्के त्या लयीशी जुळले की मधल्या कॉइल पुढे-मागे लाटेसारख्या पळायला लागतात. याला सर्ज म्हणतात, आणि त्या क्षणी स्प्रिंगचा जोर टेस्टरवर दिसतो तेवढा राहत नाही, कधी कमी कधी जास्त. उघडलेल्या वेळी कॉइल एकमेकांच्या जवळ आल्या की ही लाट तिथे मरते. म्हणून फार मोकळी ठेवलेली स्प्रिंग, जिला १५० थाऊ जागा उरलीये, ती सुरक्षित वाटते पण ताब्यात राहत नाही. दोन किंवा तीन स्प्रिंगा एकात एक घालतात त्याचंही एक कारण हेच, आतली बाहेरचीला घासून लाट दाबते, आणि दोघींची लय वेगळी असल्याने एकाच वेळी दोघी वेड्या होत नाहीत. मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराची बीहाइव्ह स्प्रिंग, जी जीएमच्या एलएस इंजिनांत कंपनीतूनच येते, ती वर निमुळती असल्याने तिचा रिटेनर छोटा आणि हलका, आणि कमी प्रेशरमध्ये जास्त आरपीएम देते. पण ती एकटी असते, तुटली की व्हॉल्व्ह धरायला दुसरं कुणी नाही, म्हणून मोठ्या सॉलिड रोलरच्या इंजिनात मी दुहेरीच घेतो.

याच सर्जच्या त्रासामुळे रेनोने १९८६ ला फॉर्म्युला वनमध्ये तारेची स्प्रिंग काढून हवेच्या दाबावर चालणारी स्प्रिंग आणली, आणि डुकाटीसारखे लोक व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळा कॅम लावतात. आपल्याला मात्र तारेवरच भागवायचंय.

आता आकडे. मला माहितीये इथे येण्यासाठीच बरेच जण वरचं सगळं सोडून खाली आलेले असतील, त्यांनी कृपया परत वर जावं. हे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून आहेत, व्ही-८ पुशरॉड इंजिनांसाठी, शेवटचा शब्द कॅम बनवणाऱ्याचा, कारण लोब किती आक्रमक आहे हे त्यालाच माहीत असतं आणि एकाच लिफ्टचे दोन कॅम स्प्रिंगकडून फार वेगळी मागणी करू शकतात.

हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (लिफ्टरच्या आत तेल, खाली चाकाऐवजी सपाट तळ) असेल तर सीटवर ११० ते १३० आणि उघडल्यावर ३०० च्या थोडं वर, यापलीकडे गेलात की कॅमचा लोब गोल व्हायला वेळ लागत नाही. फ्लॅट टॅपेटचा नवीन कॅम पहिल्यांदा चालवताना आतली स्प्रिंग काढून चालवा आणि तेलात झिंक-फॉस्फरस भरपूर हवं, हे दोन्ही न पाळल्याने पहिल्या वीस मिनिटांत मेलेले कॅम मी बघितलेत. हायड्रॉलिक रोलर, सीटवर १३० ते १६०, ओपन ३५० ते ४०० च्या आसपास. हायड्रॉलिकची अडचण वेगळी आहे, प्रेशर जास्त झालं तर लिफ्टरमधलं तेल पिळून निघतं आणि लिफ्ट कमी मिळते, आणि प्रेशर कमी झालं तर फ्लोट होताना जी फट पडते ती लिफ्टर तेलाने भरून टाकतो आणि मग व्हॉल्व्ह बंदच होत नाही, इंजिन पुढचे काही क्षण मेल्यासारखं. दोन्ही बाजूंनी अडकलेलं, म्हणून तिथे वजन कमी करण्याला पर्याय नाही. सॉलिड रोलर जो रस्त्यावरही चालवायचाय, २०० च्या आसपास सीट आणि ४५० ते ५५० ओपन. फक्त ड्रॅगचा सॉलिड रोलर, ७५००-८५०० चा, २४० ते ३०० सीट आणि ६०० ते ८०० ओपन. त्याच्या वर खास लोकांचं जग, अमेरिकेतल्या ड्रॅग संघटनेच्या, एनएचआरएच्या, प्रो स्टॉक गाड्या, ५०० क्युबिक इंच, २०१६ पासून १०,५०० आरपीएमची मर्यादा, तिथे उघड्या व्हॉल्व्हवर हजार पाउंडांच्या पुढे गोष्ट जाते आणि स्प्रिंगा वापरून फेकायची वस्तू समजतात. तिथले लोक स्पिनट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रिक मोटरने इंजिन फिरवून लेझरने व्हॉल्व्हची खरी हालचाल बघून मग स्प्रिंग ठरवतात, आणि कधी कधी मुद्दाम थोडा लॉफ्ट ठेवतात कारण तेवढा व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. ते त्यांनी करावं, ज्यांच्याकडे लेझर नाही त्यांनी नको.

टर्बो किंवा सुपरचार्जर असेल तर अजून एक भर घाला. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर दाबतो आणि त्याला सीटवरून उठवायला बघतो. २.०८ इंचाचा व्हॉल्व्ह म्हणजे जवळजवळ ३.४ चौरस इंच, २० पीएसआय बूस्टला ६८ पाउंड. तुमच्या १४० च्या सीट प्रेशरमधले ६८ तिथेच गेले. आणि टर्बोमध्ये एक्झॉस्टकडे तर दाब अनेकदा बूस्टपेक्षाही जास्त असतो, १.६० इंचाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ४० पीएसआय म्हणजे ८० पाउंड. हे लोक विसरतात, फक्त इनटेककडे बघतात, आणि मग बूस्ट वाढवला की पॉवर का वाढत नाही म्हणून ट्यूनिंगला दोष देतात.

जास्त प्रेशर घातलं तर पॉवर खाते असं खूप ऐकलंय. थोडं खरं आहे, पण वाटतं तेवढं नाही, कारण व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग दाबायला जी ताकद जाते ती बंद होताना लोबच्या उतारावरून बरीचशी कॅमला परत मिळते, जातं ते फक्त घर्षणात, आणि रोलरमध्ये ते कमीच. जास्तीचं खरं नुकसान दुसरीकडे होतं आणि ते मला उशिरा कळलं. नाकावरचा दाब सगळ्यात जास्त कधी असतो? आयडलला. वेग वाढला की व्हॉल्व्ह-रॉकरची स्वतःची गती स्प्रिंगच्या विरुद्ध काम करते आणि नाकावरचा भार हलका होतो, पण हळू फिरताना पूर्णच्या पूर्ण ६०० पाउंड, तेही रॉकर रेशोने गुणून, लोबच्या नाकावर येतात, आणि नेमकं तेव्हाच क्रँक हळू फिरत असल्याने लिफ्टरवर उडणारं तेलही कमी. रांगेत उभं राहून वीस वीस मिनिटं इंजिन आयडलवर चालू ठेवणं हे त्या रोलरच्या सुयांसाठी रनपेक्षा वाईट. मी आता लाइनीत बंद करून ढकलतो, आणि चालू असताना आयडल जरा वरच, १२०० च्या आसपास ठेवतो. स्टडवर बसणारे रॉकर असतील तर मोठ्या प्रेशरला स्टड हलतात, गर्डल (सगळे स्टड एकत्र बांधणारी पट्टी) लावा किंवा स्टडऐवजी दांड्यावर बसणाऱ्या शाफ्ट रॉकरला जा.

मग शेवटी मी काय टाकलं? १.९५० ला २६० पाउंडची दुहेरी स्प्रिंग, रेट ५२०, म्हणजे ओपनला ६०८, कॉइल बाइंडला ६५ थाऊ. स्टीलचे रिटेनर काढून टायटेनियमचे, एकामागे साधारण १२ ग्रॅम वाचले. सोळा उंची मोजून शिम केल्या. नवीन लिफ्टर. गिअर टाकतो ७८०० ला पण हिशोब केला ८३०० चा, कारण टायर सुटला किंवा गिअर चुकला की इंजिन तुमचं ऐकत नाही, आणि बर्नआउटमध्ये, म्हणजे रनआधी टायर जागेवर फिरवून तापवताना, तर नाहीच. ७८०० पर्यंत आता आवाज एका तारेत जातो, कुठे फाटत नाही. तो पहिला स्वच्छ रन झाला तेव्हा मी टाइमस्लिप (रनच्या वेळेची पावती) बघायच्या आधी गाडी बंद करून नुसता बसून राहिलो होतो.

नवीन स्प्रिंगा आल्या की त्या तशाच बसवत नाही. व्हाइसमध्ये हळूहळू पाच-सहा वेळा दाबून घेतो, कॉइल टेकू न देता, मग टेस्टरवर मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो, पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर परत मोजतो कारण सुरुवातीला थोडी पडते आणि मग स्थिर होते. ते स्थिर झाल्यानंतरचं प्रेशर हेच तिचं खरं. टेस्टरही तपासून घ्या, दोन टेस्टर एकाच स्प्रिंगला १५ पाउंडांचा फरक दाखवताना मी बघितलेत, तेव्हा निदान दर वेळी एकच वापरा म्हणजे बदल तरी खरा कळेल. स्प्रिंगला मारतं ते तापमान, आणि तिला थंड ठेवतं ते फक्त तेल, म्हणून हेडवरचं तेल फार कमी करण्याच्या नादी लागू नका.

ड्रॅगमध्ये एक सोय आहे की काम थोडंच असतं. ९ सेकंदांच्या रनमध्ये सरासरी ७००० धरले तर एक व्हॉल्व्ह ५०० च्या थोडं वर वेळा उघडतो, तेच ६००० वर एक तास चालणाऱ्या इंजिनात १ लाख ८० हजार वेळा. म्हणून आपण स्प्रिंगला तिच्या मर्यादेजवळ नेऊ शकतो, पण अट एकच, बघत राहायचं. मी रनच्या दिवशी व्हॉल्व्ह कव्हर काढून टॅपेट क्लिअरन्स बघतो, एखाद्याचं अचानक ५-६ थाऊ वाढलं असेल तर त्या सिलिंडरला काहीतरी झालंय, स्प्रिंग, लिफ्टर, पुशरॉड, शोधल्याशिवाय पुढचा रन नाही. घरी आल्यावर हेड न काढता रॉकरवरून लावायच्या टेस्टरने सीट प्रेशर. स्थिर झालेल्या आकड्यापेक्षा १० टक्के खाली गेली की ती स्प्रिंग माझ्यासाठी संपली, आणि एक गेली की बाकीच्या फार मागे नसतात म्हणून पूर्ण सेट. उघडलंच असेल तर कॅमच्या लोबवर नाकाच्या पुढे, बंद होणाऱ्या उतारावर, आपटल्याच्या खुणा आहेत का, रिटेनरच्या खाली स्प्रिंगने चर पाडलीये का, कॉइलच्या मध्ये चकचकीत टेकलेले डाग आहेत का, आणि लॉकच्या जागी व्हॉल्व्हच्या दांडीवर घासल्याचं आहे का, हे भिंग घेऊन बघा, इंजिन स्वतःच सांगतं वर काय चाललं होतं.

माझ्या वहीत प्रत्येक व्हॉल्व्हची एक ओळ आहे, उंची, शिम, प्रेशर, तारीख, रन किती झाले. परवाच मोजलं, ४० रन झालेत या सेटवर, बहुतेक सगळ्या २५० च्या आसपास आहेत, सहा नंबरचा एक्झॉस्ट मात्र २४१ ला आलाय. २३४ माझी सीमा. अजून एक दिवस पळेल, पण नवा सेट मागवून ठेवलाय आणि त्याचं दाबणं-मोजणं या आठवड्यात सुरू करतोय.